जपानी छापचित्रे गोष्ट कशी सांगतात?

रानजाई (धागाकर्ती)

एदो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) जपानी छापचित्रांचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर होकुसाईची ती लाट उभी राहते आणि चर्चा तिथेच संपते. या धाग्यात मला लाटेविषयी लिहायचे नाही. लाकडी ठशांवरून छापलेल्या या चित्रांची गोष्ट सांगण्याची रीत आणि चित्र पाहताना मनावर पसरणारा भाव यांचा परस्परसंबंध काय, याविषयी काही निरीक्षणे मांडते. जाणकारांनी भर घालावी, खोडूनही काढावे. माझे म्हणणे असे, की या परंपरेतील उत्तम चित्रे मुख्य घटना दाखवण्याचे टाळतात, तिच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण निवडतात आणि घटनेची रिकामी झालेली जागा पावसाला, बर्फाला, संधिप्रकाशाला देऊन टाकतात.

हिरोशिगेचे (१७९७–१८५८) मांजराचे चित्र पाहा. १८५६ ते १८५९ या काळात निघालेल्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ (एदो म्हणजे आजचे टोकियो) या मालिकेतील हे १८५७ सालचे चित्र. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीला उभे गज, आणि खिडकीच्या कट्ट्यावर अंग चोरून बसलेले एक पांढरे मांजर बाहेर पाहत आहे. बाहेर असाकुसाची भातशेते, त्यांतून जत्रेला निघालेल्या माणसांची मुंग्यांएवढी रांग, मागे फुजी, आकाशाच्या कडेला मावळतीची लाली, आणि घरट्याकडे परतणारे पक्षी. खोलीत माणूस नाही. कट्ट्यावर एक वाडगा आणि वाळत टाकलेला पंचा आहे. डाव्या कडेला घडीच्या पडद्याची जेमतेम एक पट्टी दिसते आणि तिच्याजवळ जमिनीवर कागदात गुंडाळलेले केसांत खोवायचे आकडे पडले आहेत. या आकड्यांना दाताळ्याचा आकार आहे, कारण या जत्रेत भरभराटीचे चिन्ह म्हणून बांबूची सजवलेली दाताळी विकली जातात.

ही खोली योशिवारातील, म्हणजे एदोच्या परवानाधारक वेश्यावस्तीतील आहे, आणि जत्रेच्या दिवशी तिथल्या प्रत्येक स्त्रीला गिऱ्हाईक घ्यावेच लागे. एवढे कळले, की चित्रातील एकेक वस्तू बोलू लागते. आकडे कोणीतरी भेट म्हणून आणले आहेत, म्हणजे तो माणूस आलेला आहे, आणि पडद्यामागे काय चालले आहे किंवा नुकतेच काय संपले आहे ते चित्रकाराने सांगितलेले नाही. जत्रा सगळ्या शहराची आहे, तिच्याकडे पाहायला मात्र या खोलीतून मांजर तेवढे मोकळे आहे. स्त्रीचा चेहरा दाखवला असता, तर तिच्या चेहऱ्यावर दुःख दाखवायचे की थकवा की बेफिकिरी, याचा निर्णय हिरोशिगेला घ्यावा लागला असता. तो त्याने घेतला नाही, आणि म्हणून खोलीतील शांतता आपल्याला एकाच अर्थाने वाचता येत नाही.

दुसरे उदाहरण कांबाराचे. ‘तोकाइदोवरील त्रेपन्न मुक्काम’ (तोकाइदो म्हणजे एदोहून क्योटोला जाणारा हमरस्ता) ही हिरोशिगेची मालिका १८३३–३४ च्या सुमारास होएइदो या प्रकाशनाने काढली. मुक्काम त्रेपन्न असले, तरी एदोतील निहोनबाशीचा पूल आणि शेवटी क्योटो धरून चित्रे पंचावन्न भरतात. त्यातील कांबाराच्या चित्रात रात्र आहे, बर्फाने दबलेली गवती छपरे आहेत, आणि तीन वाटसरू आहेत. दोघे एका दिशेला, तिसरा अर्धवट मिटलेली छत्री डोक्यावर धरून दुसऱ्या दिशेला. एकाचाही चेहरा दिसत नाही. ते एकमेकांना ओलांडून गेले आहेत आणि बोलले असावेत असे काहीही सुचवलेले नाही. आता गंमत अशी, की कांबारा हे सुरुगा उपसागराच्या काठचे उबदार हवेचे गाव आहे. तिथे असे घोटाभर बर्फ पडत नाही. प्रवासवर्णन म्हणून हे चित्र उघड खोटे आहे. तरीही सबंध मालिकेतून लोकांच्या लक्षात राहिले ते हेच, कारण मुक्कामाच्या गावी अवेळी पोहोचणाऱ्या माणसाचा एकटेपणा सांगायला हिरोशिगेला बर्फ हवे होते आणि ते त्याने आणले.

या मालिकेतील कित्येक रचना १७९७ साली निघालेल्या एका सचित्र मार्गदर्शिकेवरून उचललेल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. स्थळाचा तपशील उसना आणि हवामान स्वतःचे, असा हा प्रकार आहे. माझ्या मते हिरोशिगेची प्रतिभा त्या हवामानातच आहे.

आपणांस काय वाटते?

---

तिसरा प्रहर

लेख आवडला, विशेषतः मांजराच्या चित्राचे वाचन. तरीही आपला सिद्धान्त हिरोशिगेला जितका लागू पडतो तितका सगळ्या परंपरेला पडत नाही, असे मला वाटते, आणि त्यासाठी त्याच पिढीतील कुनियोशीकडे (मृत्यू १८६१) बोट दाखवतो.

सुमारे १८४४ च्या त्याच्या तीन पानी चित्रात ताकियाशा ही राजकन्या गुंडाळीवरचा मंत्र वाचत आहे आणि तिने बोलावलेला प्रचंड सांगाडा फाटलेल्या चिकांच्या मागून, काळ्याकुट्ट अंधारातून, वाकून आत येत आहे. येथे घटना टाळलेली नाही, ती अंगावर आणली आहे. ज्या कादंबरीवरून हा प्रसंग घेतला, तिच्यात अनेक सांगाडे आहेत. कुनियोशीने त्या सगळ्यांचा एकच केला आणि तीनपैकी दोन पाने त्याला दिली. जपानी वाचक पान उजवीकडून डावीकडे वाचतो, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यामुळे आधी सांगाडा दिसतो, मग त्याच्यासमोर उभा ठाकलेला योद्धा मित्सुकुनी, आणि सर्वांत शेवटी, डाव्या पानावर, या सगळ्याला कारण झालेली स्त्री. परिणाम आधी आणि कारण नंतर, हेही कथनच आहे आणि तेही तितकेच कसलेले आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. आपण ज्याला ‘टाळणे’ म्हणता, ते त्या काळच्या प्रेक्षकाला टाळणे वाटत होते का? एदोच्या दुकानातून वाडगाभर सोबा शेवयांच्या आसपासच्या किमतीला चित्र विकत घेणाऱ्याला नाटके पाठ होती, वीरकथा पाठ होत्या, आणि दाताळ्याच्या आकड्यांचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्याला जे मौन वाटते, ते त्याला पूर्ण वाक्य वाटत असेल.

शिवाय काही वेळा न सांगण्याचे कारण सौंदर्यदृष्टी नसून सरकार असे. १८०४ मध्ये सोळाव्या शतकातील सत्ताधीश हिदेयोशीची चित्रे काढल्यावरून चित्रकार उतामारोला ५० दिवस हातांत बेड्या घालून राहावे लागले. १८४२ च्या सुमारास, तेन्पो सुधारणा या नावाने सरकारने आणलेल्या कडक निर्बंधांच्या काळात, नट आणि गणिका यांच्या चित्रांवर बंदी आली. पुढच्याच वर्षी कुनियोशीने आजारी योरिमित्सूला मातीचा कोळी छळत असल्याचे जुने, निरुपद्रवी कथानक चित्रित केले, आणि लोकांनी त्यात आजारी सरदार म्हणजे शोगुन (देशाचा लष्करी सत्ताप्रमुख), शेजारी बसलेला सेवक म्हणजे मंत्री मिझुनो तादाकुनी आणि मागची भुतावळ म्हणजे बंदीने गांजलेले धंदेवाले, असा अर्थ लावला. सेवकाच्या कपड्यांवर मिझुनोच्या घराण्याचे चिन्ह होते, त्यामुळे अर्थ लावणे फार अवघड नव्हते. गडबड वाढू लागल्यावर प्रकाशकाने चित्रे परत मागवली आणि ठसे तासून टाकले. आडून बोलण्याच्या या सवयीचा आपल्या विवेचनात उल्लेख हवा होता.

---

गवतफुला

एक शंका. ही चित्रे प्रवासाची आठवण म्हणून किंवा घरबसल्या प्रवास केल्याचे सुख मिळावे म्हणून विकली जात. कांबाराच्या चित्रातील एकटेपणा आपण आज आपल्या मनातून त्यात घालत आहोत, असे तर नाही? विकत घेणाऱ्याला कदाचित एवढेच वाटत असेल, की ‘वा, काय बर्फ काढले आहे!’

---

कोरणी

मी छापचित्रण शिकवतो, त्यामुळे माझा प्रतिसाद कारागिरीच्या बाजूने आहे. वरील तिन्ही लेखनांत ‘हिरोशिगेने केले’, ‘कुनियोशीने केले’ असे म्हटले आहे. या चित्रांचा भाव ज्याच्या हातून प्रत्यक्ष कागदावर उतरत असे, त्या छापणाऱ्याचे नाव मात्र कुठेच येत नाही, आणि ते बहुधा चित्रावरही नसे.

काम चौघांचे असे. प्रकाशक पैसा घाली आणि विषय ठरवी. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषेतले रेखाटन देई. कोरणारा तो कागद डोंगरी चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेषा उठावात ठेवी आणि बाकीचे लाकूड काढून टाकी, म्हणजे मूळ रेखाटन कोरण्यातच नष्ट होई. आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून, कोपऱ्यातील खाचेला कागद टेकवून, बांबूच्या पानाने मढवलेल्या बारेन या चकतीने पाठीमागून घासून छाप उठवी. दाबयंत्र नाही. हाताचा दाब किती, कागदात ओल किती, ठशावर रंग किती, हे सगळे अंदाजाचे काम.

आता आकाश पाहा. हिरोशिगेच्या चित्रांत वरच्या कडेला गडद निळा किंवा काळा पट्टा असतो आणि तो खाली येता येता विरत जातो. याला बोकाशी म्हणतात. ही छटा ठशात कोरलेली नसते. छापणारा सपाट ठसा ओल्या फडक्याने पुसतो, एका कडेला ब्रशने रंग ठेवतो, तो ओलीत ओढतो, आणि कागद घालतो. पुढच्या कागदासाठी हे सगळे पुन्हा. शंभर प्रती काढायच्या तर शंभर वेळा संध्याकाळ करायची, आणि त्या शंभरांत दोन अगदी सारख्या निघत नाहीत. कांबाराच्याच चित्राच्या दोन जाती आहेत. एकीत आकाशाचा काळोख वरून खाली फिकट होत जातो, तर दुसरीत तो घरांमागे, क्षितिजाशी दाटलेला असतो. रेषा त्याच, माणसे तीच. पहिल्या जातीत रात्र माणसांच्या डोक्यावर आहे, दुसरीत ती त्यांच्या पाठीशी उभी आहे. गोष्ट बदलली की नाही, ते धागाकर्तीनी सांगावे.

पावसाचेही तसेच. शिन-ओहाशी पुलावरील सरीचे १८५७ चे चित्र, ज्याची व्हॅन गॉगने १८८७ मध्ये पॅरिसमध्ये तैलरंगात नक्कल केली, त्यातील पावसाच्या रेषा दोन वेगळ्या ठशांवर, किंचित वेगळ्या कोनांत कोरलेल्या आहेत. एकाच कोनात सगळ्या रेषा असत्या, तर ते रेघांचे कापड दिसले असते. कोन जरासे छेदल्यामुळे सर हलती वाटते. अशा केसासारख्या रेषा लाकडात उठावात ठेवायच्या म्हणजे दोन्ही बाजूंचे लाकूड काढावे लागते, आणि एक रेषा तुटली तर फळी गेली. व्हॅन गॉगच्या हातात जाडा रंग होता. त्याचा पूल उत्तम आहे, पाऊस तितका नाही.

मांजराचा पांढरा रंग हा रंग नाहीच, तो कोरा कागद आहे. काळजीपूर्वक छापलेल्या प्रतींत त्याच्या अंगाला जो गुबगुबीतपणा दिसतो, तो शाई न लावलेल्या ठशावर कागद दाबून आणलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर ते कळत नाही. प्रत तिरक्या उजेडात धरावी लागते.

---

रानजाई (धागाकर्ती)

कोरणी, आपला प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. कांबाराच्या दोन जातींपैकी मला क्षितिजाशी दाटलेला काळोख अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात घरे बर्फाच्या उजेडात पुढे येतात, आणि माणसे त्या घरांपाशी असूनही बाहेरच राहतात. गवतफुला यांनी विचारलेल्या शंकेचे उत्तरही काही अंशी इथेच आहे, असे मला वाटते. नुसते ‘काय बर्फ काढले आहे’ एवढेच हवे असते, तर चेहरे दिसणारी, हसणारी, एकमेकांना हाक मारणारी माणसे चालली असती. याच मालिकेत अशी गमतीदार माणसे हिरोशिगेने भरपूर काढली आहेत. कांबाराला त्याने ती काढली नाहीत, ही निवड आपण आपल्या मनातून घातलेली नाही.

तिसरा प्रहर यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्यावर माझे म्हणणे असे. प्रेक्षकाला गोष्ट ठाऊक होती, हे खरेच. पण त्यामुळेच चित्रकाराला गोष्ट सांगण्याच्या कामातून सुटका मिळाली आणि तो प्रसंगाचा कोणता कोपरा उजळायचा याचा विचार करू शकला. योशितोशीचे (१८३९–१८९२) १८८३ मधील तीन पानी चित्र घ्या. फुजिवारा नो यासुमासा हा सरदार चांदण्यात, उंच वाळलेल्या गवताच्या माळावरून बासरी वाजवत चालला आहे. त्याच्या मागे हाकामादारे हा दरोडेखोर दबा धरून आहे. थंडीचे दिवस आहेत आणि त्याला सरदाराच्या अंगावरचे कपडे हवे आहेत. जुन्या कथेत तो पुन्हा पुन्हा धीर करतो आणि दर वेळी त्याचा हात थबकतो. शेवटी सरदार त्याला घरी नेतो आणि कपडे देतो. योशितोशीने ना हल्ल्याचा प्रयत्न काढला, ना दान. त्याने फक्त चालणे काढले आहे. तीन पानांवर पसरलेले गवत, ढगातून डोकावणारा चंद्र, वाऱ्याने उडालेले वस्त्र, आणि दोन माणसांमधले अंतर. ज्याला कथा ठाऊक आहे त्याला ते अंतर मोजता येते, आणि ज्याला ठाऊक नाही त्यालाही पुढे काही होणार किंवा होता होता राहणार, हे कळते. माहीत असलेली गोष्टही अशा प्रकारे थांबवून धरता येते, एवढेच मला म्हणायचे होते.

कुनियोशीचा सांगाडा माझ्या म्हणण्यात बसत नाही, हे मान्य. तो बसवण्याचा मी प्रयत्नही करणार नाही. पण भयाचाच विषय निघाला आहे, तर होकुसाईची (१७६०–१८४९) भुतांची चित्रे त्याच्या शेजारी ठेवून पाहावीत. एकेक भयकथा सांगून एकेक दिवा मालवत जायचा, असा एक खेळ जपानमध्ये खेळला जाई. त्यावर आधारलेल्या मालिकेतील होकुसाईची पाचच चित्रे ज्ञात आहेत, साधारण १८३१–३२ मधली. त्यांतील एक कोहादा कोहेइजीचे. हा फिरत्या नाटक मंडळीतला, भुताच्या भूमिका करणारा नट. बायकोच्या प्रियकराने त्याला दलदलीत बुडवून मारले, आणि तो खरोखरचे भूत होऊन त्या दोघांच्या अंथरुणाशी आला. होकुसाईने खून काढला नाही, बायको आणि प्रियकरही काढले नाहीत. काढली आहे ती मच्छरदाणीची वरची कड, तिला धरलेली हाडांची बोटे, आणि त्या कडेवरून आत डोकावणारा अर्धवट कुजलेला चेहरा. मच्छरदाणीच्या आत कोण आहे? तो ज्यांच्याकडे पाहतो आहे ते, म्हणजे चित्र पाहणारे आपण. गुन्हेगारांची जागा प्रेक्षकाला देऊन टाकण्याची ही युक्ती मला सांगाड्यापेक्षा जास्त घाबरवते.

---

तिसरा प्रहर

मच्छरदाणीचे निरीक्षण मान्य. सांगाडा मी तरीही सोडत नाही.

---

अळवावरचे पाणी

सगळी चर्चा एकोणिसाव्या शतकात चालली आहे, म्हणून थोडे मागे जाते. अनेक ठशांची पूर्ण रंगीत छपाई १७६५ च्या सुमारास सुरू झाली आणि तिचे नाव सुझुकी हारुनोबूशी जोडलेले आहे. त्याची ‘दिवाणखान्यातील आठ दृश्ये’ ही १७६६ च्या आसपासची मालिका या धाग्यासाठी फार उपयोगी आहे. चिनी चित्रपरंपरेत श्याव आणि श्यांग नद्यांच्या परिसरातील आठ दृश्ये ठरलेली होती. रात्रीचा पाऊस, शरदाचा चंद्र, मंदिराची सांजघंटा, उतरणारे हंस, परतणारी शिडे वगैरे. हारुनोबूने हे सगळे घरात आणले. सांजघंटेच्या जागी घड्याळ वाजते, शरदाचा चंद्र म्हणजे बैठकीवरचा गोल आरसा, उतरणाऱ्या हंसांच्या ओळीऐवजी कोतो या तंतुवाद्याच्या तारांना आधार देणाऱ्या घोड्यांची तिरपी ओळ, आणि रात्रीचा पाऊस म्हणजे चहाच्या किटलीत उकळणाऱ्या पाण्याचा आवाज.

चित्रात घरातली माणसे आणि एक किटली आहे. घटना म्हणावी अशी काहीही नाही. तरीही शीर्षकाचा धागा ज्याला लागला त्याला खोलीत पाऊस ऐकू येतो. धागाकर्तीनी हवामानाला जे महत्त्व दिले आहे, त्याचा हा आधीचा आणि जरा खट्याळ अवतार म्हणता येईल. पुढच्या काळातील मांजराची खिडकी मला या खोल्यांची धाकटी बहीण वाटते.

---

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनला राहतो. येथील ललित कला संग्रहालयात जपानी छापचित्रांचा फार मोठा साठा आहे, आणि त्यातील स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ मध्ये दिलेली साडेसहा हजारांच्या आसपास चित्रे कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत, अशा अटीवर दिलेली आहेत. कारण रंग. हारुनोबूच्या काळातील निळा रंग एका रानफुलाच्या रसापासून करीत, आणि तो उजेडाने उडून जातो. आज अनेक संग्रहांत त्याच्या चित्रांमधील आकाश आणि पाणी फिकट मातकट दिसते, आणि आपण त्याला ‘संयत, उदास रंगसंगती’ म्हणून दाद देतो. मुळात ते निळे होते. १८३० च्या सुमारास स्वस्त झालेला प्रशियन निळा टिकाऊ असल्यामुळे हिरोशिगेच्या बाबतीत ही फसगत कमी होते. भावाविषयी बोलताना आपण कोणती प्रत पाहिली आणि तिने किती उजेड खाल्ला आहे, हे आधी पाहावे, असे सुचवतो. अट घातलेल्या त्या संग्रहाची छायाचित्रे आता संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांतील हारुनोबू पाहून मी चकित झालो, इतके ते रंग ताजे आहेत.

---

कोरणी

चार्ल्सकाठ यांच्या मुद्द्याला जोडून एक. छापणाऱ्याच्या हातातील भावाचा शेवटपर्यंत विचार करून पाहिला तो योशिदा हिरोशीने. तो विसाव्या शतकातला, पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रण शिकलेला, आणि कोरणे-छापणे स्वतःच्या देखरेखीखाली करून घेणारा. सेतो समुद्रातील शिडांच्या होड्यांचे त्याचे १९२६ चे चित्र सहा वेगवेगळ्या वेळांचे आहे. सकाळ, दुपारच्या आधीचा प्रहर, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र. ठसे तेच, फक्त रंग आणि त्यांच्या छटा बदललेल्या. पुढे तो भारतात आला आणि १९३१ मध्ये त्याने ताजमहालाची उद्यानातून दिसणारी दृश्ये दिवसाची आणि रात्रीची अशी वेगवेगळी छापली.

त्याची रात्र मला सफाईदार वाटते, पण कांबाराची रात्र तिच्यात नाही. योशिदाला नेमका किती अंधार हवा, हे आधीच ठाऊक होते आणि प्रत्येक प्रत त्या मापात बसवली जाई. कांबाराच्या छापणाऱ्याजवळ फडके, ब्रश आणि संपवायचा गठ्ठा होता, आणि त्या गठ्ठ्यातील काही प्रतींत काळोख जिथे थांबायला हवा होता त्याच्या बोटभर खाली उतरला आहे. विद्यार्थ्यांना मी नेहमी अशा प्रती शोधून पाहायला सांगतो.